गेंड्या भुंग्याचं मूळ गाव

हे सावकाश वाचायचं आहे. एक वाक्य संपलं की लगेच पुढच्यावर जायलाच हवं असं नाही. जिथे मन रेंगाळेल तिथे त्याला रेंगाळू द्या. एका भुंग्यापाशी बसायचं आणि तो कुठून आला हा एकच प्रश्न धरून ठेवायचा, एवढंच काम आहे.

भुंगा डोळ्यांपुढे आणा. कोकणात किंवा गोव्यात ज्यांची माडांची वाडी आहे त्यांना तो आठवायला कष्ट पडणार नाहीत. गेंड्या भुंगा. दीड-दोन इंच लांब, पाठीवर काळाभोर, पोटाकडे तांबूस. डोक्यावर मागे झुकलेलं एक शिंग. नराचं शिंग बहुधा लांब असतं आणि मादीचं आखूड, पण नुसत्या शिंगावर विसंबू नका. त्याला हलकेच उलटा करा. पोटाच्या शेवटच्या टोकावर तांबूस केसांचा दाट पुंजका असेल तर ती मादी. आता पाय बघा. प्रत्येकावर काटे आहेत, आणि मुठीत धरलं तर हे पाय बोटांच्या फटीतून असा रेटा देतात की एवढ्याशा जिवात हे बळ आलं कुठून असं वाटावं. या सहा पायांकडे जरा जास्त वेळ पाहा. पुढे त्यांतला एक आपल्याला लागणार आहे.

आता त्याचं आयुष्य. अळी शेणखताच्या खड्ड्यात, उकिरड्यात, पडून कुजलेल्या माडाच्या खोडात वाढते. पांढरट, अर्धगोल वळलेली, तपकिरी डोक्याची, हुमणीच्याच कुळातली. उभ्या माडाशी तिला काही देणंघेणं नसतं. कुजलेलं खाऊन ती काही महिने काढते आणि कोषात जाते. माडाला उपद्रव होतो तो पंख फुटल्यावर. रात्री भुंगा शेंड्यावर उतरतो, अजून न उलगडलेल्या कोवळ्या पानांत भोक पाडून आत शिरतो, रस पितो आणि चावलेला चोथा भोकातून बाहेर ढकलतो. त्या दिवशी खालून बघणाऱ्याच्या लक्षात काही येत नाही. पुढे ते पान उलगडतं तेव्हा झावळी दोन्ही बाजूंनी त्रिकोणी कातरलेली दिसते.

घाव पडणं आणि घाव दिसणं यांच्यात इतका काळ जातो. त्यावर क्षणभर थांबा. जे आज समोर आहे त्याचं कारण आधीच घडून गेलेलं आहे, आणि घडताना कुणी पाहिलेलं नाही. भुंग्याचं मूळ शोधणाऱ्यांची सगळी अडचण हीच आहे. फक्त त्यांचं अंतर आठवड्यांचं नसतं, वर्षांचं असतं, कधी शतकाचं.

वाडीत मात्र मुळाचा प्रश्न कुणी काढत नाही. चोथा दिसला की लोखंडी आकडा भोकात घालायचा आणि भुंगा ओढून काढायचा. खड्ड्यातलं खत उपसताना अळ्या वेचायच्या. वरच्या पानांच्या बेचक्यांत औषध मिसळलेली वाळू भरायची. अलीकडे मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी खतात मिसळतात, ती अळ्यांना मारते. धास्ती असते ती वेगळीच. गेंड्याने पाडलेल्या भोकाच्या वासाने सोंड्या भुंगा आला तर माडच हातचा जातो. पण हा गेंड्या आला कुठून, असं कुणी विचारत नाही, कारण तो कुठून आलेला नाही. दक्षिण आणि आग्नेय आशिया हेच त्याचं घर. भारत, श्रीलंका, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, तैवान. उपद्रवी असला तरी इथलाच आहे, आणि त्याचे वैरीही इथलेच आहेत.

ते वैरी कोण, हे बहुतेक वेळा आपल्याला दिसतही नाही. बुरशी आहे, जंतू आहेत, अळी खाणारे कीटक आहेत. वाडीतला भुंगा यांच्यासकट वाडीत असतो. त्याची संख्या एका मर्यादेत राहते त्याचं श्रेय आपण आकड्याला देतो, आणि आकड्याचं ते आहेही, पण सगळं नाही.

आता नजर पूर्वेला न्या. बंगालचा उपसागर ओलांडा, मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडा, मग पॅसिफिक महासागरात शिरा आणि कित्येक दिवस फक्त पाणी पाहत जा. त्या पाण्याच्या मध्यावर सामोआची बेटं आहेत. तिथे माड आहे आणि जगणं माडावर उभं आहे. खाणं, तेल, दोर, चटया, बाजारात विकायचं खोबरं. भुंगा नाही. त्याला स्वतःच्या पंखांनी इतकं अंतर कापता येणं शक्यच नव्हतं.

साल १९०९. सामोआ तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. उपोलू बेटावर रबराची लागवड करायची म्हणून सिलोनहून रोपं आणली गेली. रोपांच्या मुळांशी माती होती.

त्या मातीपाशी बसा. बोटीवर ती कुणी उकरून पाहिली नसेल. पाहायचं कारणही नव्हतं, लक्ष रोपांवर होतं, रोपं जगवायची होती. त्या मातीत अंडी होती की अळ्या, एक होती की अनेक, याची नोंद कुणीही ठेवली नाही. एवढं मात्र खरं की ती माती बेटावर उतरली आणि गेंड्या भुंगाही उतरला. वैरी मागे राहिले. मोकळे माड आणि कुजायला ठेवलेली खोडं समोर होती.

सामोआतून तो शेजारच्या बेटांवर गेला. १९२१ मध्ये तो टोंगाच्या निउआतोपुतापू या लहान बेटावर पोचला, आणि तिथल्या माणसांनी काही वर्षं चिकाटीने कुजकी खोडं जाळून, अळ्या वेचून त्याला बेटावरून समूळ काढलं. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा कथांमध्ये माणसाची हार तेवढी सांगितली जाते. मोठ्या बेटांवर मात्र तसं जमलं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमाराला, तो पलाऊत आणि न्यू ब्रिटन बेटावर गेला. युद्धाची सामग्री बेटाबेटांवर हलत होती आणि बाँबफेकीने पडलेले माड जागोजागी कुजत होते. अळ्यांना याहून चांगली जागा कोणती? दहा-एक वर्षांत पलाऊतले जवळजवळ निम्मे माड मेले. १९५३ मध्ये भुंगा फिजीत सापडला.

निम्मे माड. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. तुमच्या ओळखीची एखादी वाडी मनात आणा, एकाआड एक माड काढून टाका आणि उरलेल्यांच्या झावळ्या कातरलेल्या पाहा. मग त्या वाडीवर कुणाकुणाचं घर चालतं ते आठवा.

इथून गोष्ट वळते. १९६३ मध्ये आलॉइस ह्यूगर हे जर्मन कीटकरोगतज्ज्ञ मलायात गेले. ते भुंग्याच्या घरी गेले, हे लक्षात घ्या. जिथे तो नवखा आहे तिथे न शोधता, जिथे तो पूर्वापार आहे तिथे त्याला काय होतं हे पाहायला गेले. तिथल्या काही अळ्या त्यांना आजारी आढळल्या. अंग निस्तेज, आतलं दिसेल इतकं पारदर्शक झालेलं. त्यामागे एक विषाणू होता, तोवर कुणाला माहीत नसलेला. आज त्याला न्यूडीव्हायरस म्हणतात. पुढे तो भारतात, केरळातही, निसर्गतःच असल्याचं आढळलं.

१९६७ मध्ये हा विषाणू सामोआत सोडला गेला. सुरुवातीला मेलेल्या अळ्यांचा लगदा कुजक्या खोडांच्या ढिगांत मिसळला. मग लक्षात आलं की हे काम भुंगे स्वतःच जास्त चांगलं करतात. भुंगे पकडायचे, त्यांना विषाणूची बाधा करायची आणि सोडून द्यायचं. बाधा झालेला भुंगा लगेच मरत नाही. विषाणू त्याच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो. भुंगा खातो कमी, उडतो कमी, मादी अंडी कमी घालते. पण जितके दिवस तो उडतो तितके दिवस शेंड्याशेंड्यावर, ढिगाढिगात, जोडीदाराच्या अंगावर तो विषाणू पोचवत राहतो. काही वर्षांत सामोआतलं नुकसान पुष्कळ घटलं. मग टोंगा, फिजी, वालिस या बेटांवरही तेच केलं गेलं आणि तिथेही माड सावरले. भुंगा संपला नाही. कोकणात असतो तसा, सोसता येईल इतका उरला.

हाती आलेला भुंगा चिरडण्याऐवजी सोडून द्यायचा, हे करणाऱ्या माणसाच्या मनाचा विचार करा. ज्याने त्याची वाडी खाल्ली त्यालाच तो मूठ उघडून जाऊ देतो. विषाणू त्याला दिसत नाही. विश्वास ठेवायला त्याच्यापाशी असतं ते फक्त कुणीतरी नीट केलेलं निरीक्षण. मला या सगळ्या इतिहासात ही उघडलेली मूठ सर्वांत मोठी वाटते.

त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं पॅसिफिकमध्ये हा भुंगा नव्या बेटांवर पोचल्याच्या बातम्या थांबल्यासारख्याच होत्या. कीटकांवरच्या जैविक नियंत्रणाच्या पुस्तकांत हे उदाहरण यशाचं म्हणून आलं.

२००७ च्या सप्टेंबरात ग्वाम बेटावर, तुमोन उपसागराच्या काठच्या हॉटेलांच्या भागात, गेंड्या भुंगा सापडला. लोकांनी हातपाय गाळले नाहीत. नर भुंगा सोडतो त्या गंधाचे सापळे टांगले, मेलेली खोडं हलवली, अळ्या हुंगून काढणारे कुत्रे तयार केले, मासे पकडायची जाळी ढिगांवर पसरून त्यांत भुंगे अडकवले. भुंगा तरी पसरत गेला. मग हुकमी उपाय काढला. विषाणू आणला, भुंग्यांना दिला, सोडला. काहीच झालं नाही. भुंगे खात राहिले, उडत राहिले, अंडी घालत राहिले. २०१५ मध्ये डॉल्फिन नावाचं वादळ ग्वामवरून गेलं, माड आणि झाडं मोडून पडली, आणि त्या पडझडीत अळ्यांची पैदास आणखी वाढली.

तोच भुंगा आणि त्याच्यावर चाळीस वर्षं चाललेला तोच विषाणू. मग का चालेना?

हा प्रश्न घाईने सोडवू नका. विषाणू कमजोर झाला असेल. सोडण्यात काही चुकलं असेल. हवामान वेगळं असेल. किंवा आपण ज्याला तोच भुंगा म्हणतो आहोत, तो तोच नसेल. शेवटच्या शंकेपाशी जास्त वेळ थांबा, कारण डोळ्यांना तिथे काहीच मदत करता येत नाही. ग्वामचा भुंगा आणि सामोआचा भुंगा शेजारी ठेवले तर शिंग, काटे, केसांचा पुंजका, सगळं सारखं. हा आला कुठून, हा प्रश्न आता कुतूहलाचा राहिला नाही. त्याच्या उत्तरावर माड जगणार की मरणार हे ठरणार होतं.

आता त्या सहा पायांतला एक घ्या. भुंगा मद्यार्कात ठेवलेला आहे. चिमट्याने पाय सुटा करा, त्यातला स्नायू काढा. एवढ्याशा स्नायूत असंख्य पेशी आहेत, प्रत्येक पेशीत तंतुकणिका आहेत, आणि तंतुकणिकांना केंद्रकापेक्षा वेगळा, स्वतःचा छोटा डीएनए आहे. तो फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात वाटा नाही. भुंग्याला तो आईकडून मिळाला, तिला तिच्या आईकडून. असं मागे मागे जा. हजार पिढ्या जा. ही रेघ एकदाही दुभंगत नाही.

या डीएनएतला एक ठराविक तुकडा, साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा, जगभर प्राण्यांच्या ओळखीसाठी वाचला जातो. पिढ्यानपिढ्या त्याची नक्कल होत जाते, आणि क्वचित कधीतरी एखादं अक्षर बदलतं. बदललेलं अक्षर मग पुढच्या सगळ्या लेकींना आणि नातींना जातं.

पोथ्यांचं असंच होतं. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्या नकलांवरून नकला होत गेल्या आणि पावणेतीनशेहून जास्त वर्षांनी, १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांना तिची प्रत शुद्ध करावी लागली. एका लेखनिकाच्या हातून एक अक्षर चुकलं की त्याच्या प्रतीवरून नक्कल करणारा तीच चूक उतरवून घेतो, कारण त्याच्या समोर ती चूक नसतेच, ती पोथी असते. दोन गावांतल्या दोन प्रतींत एकाच ओवीत एकच वावगं अक्षर सापडलं तर त्यांचा पूर्वज एक, हे सांगायला त्या प्रती कुणी कुठून कुठे नेल्या त्याची वही लागत नाही. अर्थ बदलला नसला तरी चालतो. अर्थ न बदलणारी चूकच जास्त उपयोगी, कारण ती कुणी दुरुस्त करायला जात नाही. भुंग्याच्या तंतुकणिकेत अशाच चुका वाचायच्या असतात.

न्यूझीलंडच्या शॉन मार्शल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या भुंग्यांचं हे अक्षर अन् अक्षर वाचलं. २०१७ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. ग्वामच्या भुंग्यांत एक खूण होती जी फिजी, सामोआ, टोंगा इथल्या जुन्या भुंग्यांत नव्हती. काही विकरं अशी असतात की ठराविक अक्षरक्रम आला की तिथेच डीएनए कापतात. या खुणेच्या जागी एक अक्षर बदललेलं असल्यामुळे कापायची जागाच मोडली होती. म्हणजे सगळी अक्षरं न वाचताही, तुकडा कापला जातो की अखंड राहतो एवढं पाहून भुंगा कोणत्या वंशाचा ते कळायला लागलं. ग्वामवरून या वंशाला जी वंश म्हणू लागले. आणि प्रयोगशाळेत याच वंशाच्या भुंग्यांना तो हुकमी विषाणू दिला तेव्हा त्यांना त्याने फारसं काही झालं नाही.

मग नकाशा उलगडत गेला. पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्सबीचे भुंगे जी वंशाचे. २०१३ च्या डिसेंबरात हवाईत, पर्ल हार्बरच्या लष्करी तळावर सापडलेले जी वंशाचे. २०१५ मध्ये सॉलोमन बेटांवर, होनियारात सापडलेले जी वंशाचे. म्हणजे पॅसिफिकमध्ये दोन वेगळ्या लाटा आल्या होत्या. पहिली १९०९ ची, बोटीतून, मातीतून. दुसरी एकविसाव्या शतकातली, विमानांच्या आणि कंटेनरच्या काळातली. सामोआचा भुंगा उठून ग्वामला गेला नव्हता. आशियातून दुसरंच घराणं निघालं होतं.

इथे श्वास घ्या, कारण यापुढे सोपं नाही.

ग्वाम, पोर्ट मोर्सबी, हवाई, होनियारा, चारही ठिकाणी एकच खूण. यावरून काय म्हणता येतं? एक शक्यता अशी की चारही ठिकाणी भुंगा आशियातून थेट आला, चार वेगवेगळ्या वेळी. दुसरी अशी की एका बेटावर तो आधी माजला आणि तिथूनच पुढच्या बेटांवर गेला. खूण दोन्ही बाबतीत सारखीच दिसेल. एकच खूण पाहून या दोहोंत निवड करणं हा उतावीळपणा होईल, आणि उतावीळ उत्तर इथे महाग पडतं. भुंगा ग्वामहून येत असेल तर ग्वामहून निघणारा माल तपासायचा. आशियातून येत असेल तर तिथल्या बंदरांकडे बघायचं. तपासणीसांची संख्या मर्यादित असते, त्यांना एका वेळी एकच दार राखता येतं.

दोन्ही शक्यता एकाच वेळी मनात धरून बसा. पटकन एकीकडे झुकू नका. मनन करायचं ते एवढ्याचसाठी.

निवाडा करायचा तर केंद्रकातल्या डीएनएकडे जावं लागतं. तिथे आई आणि बाप दोघेही आहेत आणि वाचायला कोट्यवधी अक्षरं आहेत. त्यांतल्या हजारो जागा एकाच वेळी तपासल्या की मुळाचं आणि शाखेचं नातं दिसायला लागतं. मुळात विविधता जास्त असते. एखाद्या बेटावर थोडेच भुंगे उतरले तर ते त्या विविधतेतला थोडाच वाटा बरोबर नेतात, आणि त्यांच्यापासून पुढच्या बेटावर गेलेले त्याहून थोडा. म्हणून तिसऱ्या ठिकाणच्या भुंग्यांत दुसऱ्या ठिकाणी सापडतं त्यातलंच काही सापडतं, नवं काही नाही. उलट एखाद्या बेटावर अपेक्षेपेक्षा जास्त विविधता दिसली तर तिथे भुंगा एकापेक्षा जास्त वेळा उतरलेला असू शकतो. भुंग्याने काय आणलं याइतकंच काय आणलं नाही हेही बोलकं असतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. जी वंशाची ती खूण विषाणूला रोखत नाही. एक अक्षर बदलल्याने भुंगा बळकट झाला नाही. ते अक्षर फक्त आईचं घराणं सांगतं. बळ असलंच तर ते दुसरीकडे कुठेतरी आहे, बहुधा केंद्रकातल्या डीएनएत, आणि ते घराण्याबरोबर चालत आलं म्हणून आपण खुणेवरून त्याचा अंदाज बांधतो. खूण आणि कारण एकत्र चालतात तोवर हा अंदाज चालतो. पण पलाऊत काय आहे पाहा. तिथे १९४२ पासूनचा जुना वंश आहे आणि नंतर आलेला जी वंशही आहे. दोघांची एकाच बेटावर वस्ती. जी वंशाच्या मादीचा आणि जुन्या वंशाच्या नराचा संकर झाला तर पिलांवर खूण आईची, पण अर्धा वारसा बापाचा. त्यांना जी म्हणायचं का? खुणेने हो. विषाणूपुढे ते कसे टिकतील हे मात्र खूण सांगू शकत नाही. पलाऊतल्या जी वंशाच्या भुंग्यांत तो विषाणू सापडलाही आहे. म्हणजे या घराण्याला त्याची बाधा होतच नाही असं नाही.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. घराणं ओळखता आलं की घराण्यावरून सगळं ठरवून टाकायचा मोह होतो, आणि भुंग्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी तो आवरला. आधी खूण शोधली. मग त्याच खुणेवर शंका घेतली. मग एकेक बेट, एकेक भुंगा पुन्हा तपासला.

भुंगा कुणी आणला, असं लोक विचारतात. माड गेलेल्या माणसाला तो प्रश्न विचारायचा हक्क आहे. पण डीएनएकडून त्या प्रश्नाचं उत्तर येत नाही. कोणतं जहाज, कोणतं विमान, कुणाचा माल, हे भुंग्याच्या पायात लिहिलेलं नसतं. तिथे असतं ते घराणं, आणि घराण्याचा उपयोग उपचारासाठी. २०१९ मध्ये वानुआतूत आणि न्यू कॅलेडोनियात भुंगा सापडला तेव्हा सर्वांत आधी वंश पाहिला गेला. दोन्हीकडे तो जुन्या वंशाचा निघाला. त्यामुळे जुना विषाणू इथे चालेल या आशेला आधार मिळाला, ग्वामला जो मिळाला नव्हता. तीच काळी पाठ, तेच शिंग, पण एका बेटावर काय करायचं हे माहीत आहे आणि दुसऱ्यावर शोधायचं आहे.

शोध पुन्हा ह्यूगर यांच्याच वाटेने चालला आहे. जी वंश जिथला आहे तिथे त्याचाही कुणी वैरी असणार, त्याच्याबरोबर पिढ्यानपिढ्या जगत आलेला. विषाणूचीही वेगवेगळी वाणं असतात, त्यांतलं एखादं या घराण्यावर चालेल. ते सापडायचं तर मूळ गाव आणखी नेमकं कळायला हवं. आशिया एवढं पुरत नाही, तैवान की फिलिपिन्स की आणखी कुठे, कोणतं बेट, कोणता किनारा. मूळ प्रदेशातून जेवढे नमुने हाती असतील तेवढंच मुळाचं उत्तर खरं. ज्या किनाऱ्यावरचा भुंगा कुणी कधी वाचलाच नाही तो किनारा मूळ असला तरी नकाशावर उमटणार नाही, आणि शेजारचाच एखादा, वाचला गेला म्हणून, मूळ ठरेल.

आता परत वाडीत या. खड्डा उपसला जातो आहे, अळ्या वेचून बाजूला टाकल्या जात आहेत. त्यांतली एखादी निस्तेज, पारदर्शक दिसते का ते पाहा. दिसली तर ती इतर अळ्यांबरोबर चिरडून टाकण्याजोगी नाही. सामोआचे माड अशाच आजारी अळ्यांमुळे वाचले. भुंग्याचं घर असलेल्या प्रत्येक किनाऱ्यावर, कोकणापासून तैवानपर्यंत, हे पाहणारं कुणीतरी लागेल. आजारी अळी वेगळी ठेवायची, भुंगा मद्यार्कात टाकायचा, आणि तो कोणत्या गावातून कोणत्या तारखेला घेतला हे शिसपेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी बाटलीत घालायची. शाई मद्यार्कात विरघळते.